मोटारवाहनाची नित्य देखभाल

मोटारवाहनातील वंगणतेल, शीतक द्रव, ब्रेक, टायर, बॅटरी इत्यादींची ठराविक काळाने किंवा ठराविक अंतर तोडल्यावर तपासणी करणे, कमी झालेले द्रव पदार्थ भरणे आणि झिजणारे भाग वेळीच बदलणे या कामांना नित्य देखभाल म्हणतात. दुरुस्ती बिघाड झाल्यावर करावी लागते, तर देखभाल बिघाड होऊ नये म्हणून केली जाते. यांतील बरीच कामे वाहनचालकाला स्वतः करता येतात. एंजिनातील तेलाची पातळी तपासणे हे त्यांतील सर्वांत सोपे व सर्वांत महत्त्वाचे काम होय.

तेलाचे कार्य : एंजिनाच्या तळाशी असलेल्या कुंडात (मिस्त्री त्याला ‘चेंबर’ म्हणतात) तेल साठविलेले असते. एंजिन चालू होताच पंप हे तेल गाळणीतून भुजादंड, धारवे, झडपा इ. भागांकडे दाबाने पाठवितो. फिरता दंड व धारवा यांच्यामध्ये तेलाचा मिलीमीटरच्या काही सहस्रांशांइतका पातळ थर तयार होतो व त्यामुळे धातूला धातू घासत नाही. याखेरीज तेल दट्ट्या व धारवे यांची उष्णता वाहून नेते, दट्ट्याची कडी व सिलिंडर यांच्यातील फट बंद करते, काजळी स्वतःत धरून ठेवते आणि गंजापासून संरक्षण करते. तेल कमी पडल्यास हा थर तुटतो, घर्षणाने धारवे तापून दंडाला चिकटतात आणि एंजिन जाम होते. थोड्याशा तेलाच्या हयगयीपोटी संपूर्ण एंजिन नव्याने बांधण्याची वेळ येते.

पातळी तपासणे : वाहन सपाट जागेवर उभे करावे. चढावर उभ्या असलेल्या वाहनात तेल एका बाजूस सरकते व माप चुकते. गरम एंजिन बंद करून ५ ते १० मिनिटे थांबावे, म्हणजे वरच्या भागांतील तेल कुंडात उतरते. नंतर डिपस्टिक (तेलमापक पट्टी) बाहेर काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी व बाहेर काढून वाचावी. पहिल्या वेळचे वाचन ग्राह्य धरू नये, कारण पट्टीवर तेल उडालेले असते. तेलाची रेषा किमान व कमाल या दोन खुणांमध्ये असावी. मोटारगाडीत या दोन खुणांमधील तेल सामान्यतः सु. १ लिटर असते. पातळी कमी असल्यास तेल थोडेथोडे ओतून पुन्हा मोजावे. कमाल खुणेच्या वर तेल भरणेही हानिकारक असते. कारण फिरता भुजादंड ते घुसळतो, तेलात फेस होतो व फेसाळ तेलाने थर टिकत नाही. दुचाकी सरळ उभी करून तपासावी. काही दुचाकींत पट्टी टोपणाला जोडलेली असून मोजताना टोपणाचे आटे फिरवावयाचे नसतात. याबाबत निर्मात्याची पुस्तिका पहावी.

तेलाच्या रूपावरूनही पुष्कळ बोध होतो. डीझेल एंजिनातील तेल थोड्याच दिवसांत काळे होते; हे त्याच्या मलधारक गुणाचे लक्षण असून दोष नव्हे. दुधी रंग पाणी किंवा शीतक मिसळल्याचे, इंधनाचा वास इंधन गळतीचे आणि चकाकणारे कण धारव्यांच्या झिजेचे सूचक असतात. न भरता पातळी वाढली, तर तीही धोक्याची खूण होय. फलकावरील तेलाचा लाल दिवा पातळी नव्हे, तर दाब दर्शवितो. तो वाहन चालू असताना लागल्यास पुढच्या गावापर्यंत जाण्याचा मोह टाळून एंजिन त्वरित बंद करावे.

तेलाची प्रत : तेलाच्या श्यानतेचे (दाटपणाचे) वर्गीकरण अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेने १९११ मध्ये सुरू केले. ‘२० डब्ल्यू-४०’ या प्रतीत पहिला अंक थंडीतील प्रवाहिता दाखवितो व ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. ४० हा अंक १००° से.ला श्यानता १२.५ ते १६.३ चौ.मिमी. प्रति सेकंद या मर्यादेत असल्याचे सांगतो. नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५° से., तर २३ मे २०१३ रोजी कमाल तापमान ४७.९° से. नोंदले गेले. तथापि उन्हाळा कडक म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्यापेक्षा दाट तेल वापरणे योग्य नव्हे. शीतक यंत्रणा एंजिनाचे तापमान जवळजवळ स्थिर ठेवते आणि आधुनिक एंजिनांतील अरुंद मार्गांत दाट तेल सुरुवातीस वेळेवर पोहोचत नाही. तेल किती अंतराने बदलावे हे निर्माता ठरवितो. मात्र धूळ, जड भार व वारंवार थोडेथोडे अंतर चालविणे यांमुळे ही मुदत कमी होते. तेलाबरोबर गाळणीही बदलावी.

हवामान व देखभाल : विदर्भातील उन्हाळ्यात शीतकाची पातळी व बॅटरीतील शुद्ध पाणी यांची तपासणी अधिक वेळा करावी लागते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्याने उसळून भाजण्याचा धोका असतो. टायरांतील हवा सकाळी, वाहन चालण्यापूर्वी मोजावी. तापमान १०° से.ने वाढल्यास मोटारगाडीच्या टायरातील दाब सु. दीड पौंड प्रति चौ. इंच वाढतो. म्हणून गरम टायरातील हवा सोडून देणे चुकीचे असते. असा टायर थंड झाल्यावर दाब अपुरा राहतो, टायर अधिक वाकतो, त्यामुळे तापतो व फुटू शकतो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा मार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायर सतत तापत राहतात आणि जुन्या, झिजलेल्या टायरांचा धोका वाढतो. मोटारगाडीच्या टायरावरील नक्षीची खोली १.६ मिमी.पेक्षा कमी झाल्यास टायर बदलणे कायद्याने आवश्यक आहे.

पावसाळ्यात ब्रेक, वायपर व दिवे पाहावेत. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे नागपुरात अतिवृष्टी होऊन अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदीकाठच्या वस्त्यांतील अनेक वाहने पाण्यात बुडाली. अशा वाहनाचे एंजिन ‘चालते का’ हे पाहण्यासाठी किल्ली फिरविणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नसल्याने सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर दट्ट्या आदळतो व संयोगदांडा वाकतो. म्हणून वाहन ओढून नेऊन पाणी काढल्यावर, तेल, गाळण्या व बिघडलेले भाग बदलूनच ते सुरू करावे.

संघटित देखभाल : मोठ्या प्रमाणावरील देखभालीचे परिचित उदाहरण म्हणजे राज्य परिवहनाची बससेवा होय. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भातील प्रांतिक परिवहन सेवा मुंबई राज्याच्या परिवहन महामंडळात विलीन झाली. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक नागपूरजवळ हिंगणा येथे आहे; अन्य दोन दापोडी (पुणे) व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. बसगाडीची किरकोळ तपासणी आगारात, तर मोठी कामे कार्यशाळेत होतात. खाजगी वाहनमालकानेही तारीख, अंतर व केलेले काम यांची नोंदवही ठेवल्यास तेल किती खर्ची पडते हे कळते आणि बिघाड आधीच ओळखता येतो. व्यावसायिक वाहनांना मोटारवाहन अधिनियम, १९८८ नुसार योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु ते त्या दिवसापुरतेच वाहनाची स्थिती सांगते. प्रवासी व पादचारी यांची सुरक्षितता दोन तपासण्यांमधील काळात चालकाच्या दक्षतेवरच अवलंबून असते.

वापरलेले तेल : काढून टाकलेल्या तेलात काजळी, धातूंचे कण व हानिकारक संयुगे असतात. ते गटारात किंवा जमिनीवर ओतल्यास पाणी व माती दूषित होतात. तसेच त्याच्या वारंवार स्पर्शाने त्वचेला अपाय होतो. धोकादायक व इतर कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत त्याची गणना होते आणि त्यांतील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. घरी तेल बदलणाऱ्याने ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे किंवा कार्यशाळेत द्यावे. योग्य प्रक्रियेनंतर त्यापासून पुन्हा वंगणतेल मिळू शकते. [⟶ वंगण].