जुन्या फ्रिजचा खर्च कोण भरतो?

सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते. ते काढणाऱ्या कंपनीला सरकारचे स्वामित्वधन भरावे लागते. शिवाय २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर, जुना खाणपट्टा असल्याने, स्वामित्वधनाच्या ३० टक्के एवढी आणखी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला द्यावी लागते. पण अशाच खनिजाचे लोखंड फ्रिज होऊन आपल्या घरी आले आणि भंगार झाले, तर पुढचा खर्च कोणाचा?

विद्यार्थी मित्रांनो, तो उत्पादकाचा, असे ई-कचरा नियम सांगतात. सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ज्या वर्षी विकलेला माल आता जुना झाला असे धरले जाते, त्या वर्षाच्या विक्रीच्या ठरावीक हिश्श्याइतका (२०२५-२६ साठी ७० टक्के) पुनर्वापर कंपनीने करवून घ्यायचा. कंपनी स्वतः फ्रिज फोडीत बसत नाही. नोंदणीकृत कारखाना त्यातून लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम, सोने काढतो, त्याबद्दल त्याला प्रमाणपत्र मिळते आणि ते कंपनी विकत घेते.

खरी मेख दरात आहे. दर फार पडला तर तांबे काढून बाकीचे उकिरड्यावर टाकणेच परवडते. म्हणून २०२४ मध्ये घरगुती उपकरणांसाठी किलोमागे किमान २२ रुपये ठरले. एलजी व सॅमसंग २०२५ मध्ये याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

या हिशेबात भंगारवाला मात्र कुठेच नाही. दारोदार फिरून माल गोळा करतो तो, तांब्यासाठी वायरी जाळून धूर गिळतो तोही. प्रमाणपत्र निघते ते कारखान्याच्या नावाने.