आधी हात, मग पेटी

टायटो या जपानी कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ साली आला, तेव्हा त्याच्या उभ्या यंत्रात पडदा खेळणाऱ्याच्या थेट समोर नव्हता. तो पेटीच्या आत खाली बसवलेला होता. त्यावरचं चित्र अर्धपारदर्शक आरशावर पडायचं आणि तिथून डोळ्यांपर्यंत यायचं. आरशामागे चंद्रभूमीचं रंगवलेलं दृश्य होतं, त्यामुळे खेळातल्या परग्रहवासीयांच्या फौजा अवकाशात तरंगल्यासारख्या दिसायच्या. पडदा कृष्णधवल होता. रंग होते ते वर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांचे. खेळाचा काही भाग चिपमध्ये होता, काही काचेत आणि काही लाकडात.

घरी आर्केड यंत्र बांधायला निघालेल्या नवशिक्याने एवढं आधी ध्यानात घ्यावं. पेटी ही खेळावर चढवलेली खोळ नाही. वरचा भाग पुढे आलेला असतो तो छताच्या दिव्याची चकाकी अडवायला. पडदा मागे कललेला असतो, कारण उभा माणूस वरून खाली बघतो. बाजूच्या फळ्या पडद्याच्या पुढे येतात त्या शेजारचा उजेड तोडायला. यातली कुठलीही गोष्ट नुसत्या शोभेसाठी नाही.

अशी यंत्रं घरी बांधता येऊ लागली ती मुख्यतः एका सॉफ्टवेअरमुळे. इटलीच्या निकोला सॅल्मोरिया यांनी ५ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘मेम’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या आर्केड बोर्डावरचा प्रोसेसर, आवाजाची चिप, चित्राची चिप, हे सगळं साध्या संगणकावर जसंच्या तसं वागवून दाखवायचं आणि त्या यंत्रांची नोंद कायमची राखायची, हा त्यामागचा हेतू. त्याआधी घरी यंत्र हवं असेल तर खरा बोर्ड मिळवावा लागे. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ साली ‘जामा’ नावाची ५६ पिनांची जोडणी ठरवून दिली होती, त्यामुळे एकाच पेटीत बोर्ड बदलून वेगवेगळे खेळ चालवता यायचे. पुढे २०१२ साली रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आला आणि पेटीतला मेंदू स्वस्त झाला. आज त्या मेंदूची चिंता सगळ्यात कमी. जुना लॅपटॉपही भागवतो.

आपल्याकडे हा छंद धरणारे बरेचसे लोक नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभे राहिलेले असतात. कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ तेव्हाच्या पोरांनी त्यातल्या एका पात्रावरून ‘मुस्तफा’ करून टाकला, आणि आजही त्याच नावाने तो ओळखला जातो. अशा माणसाला यंत्र बांधायचं म्हटलं की डोळ्यांसमोर पेटीच येते. मग तो प्लायवूडच्या दुकानात जातो, १८ मिलिमीटरचे आठ बाय चारचे बोर्ड उचलतो, आणि पेटी उभी राहिल्यावर जॉयस्टिकचा विचार करतो. माझं म्हणणं आहे, हा क्रम नेमका उलटा हवा. कोणते खेळ खेळायचे, ते आधी ठरवा. खेळावरून जॉयस्टिक ठरते, जॉयस्टिकवरून पॅनेल, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं बसवायचा पृष्ठभाग, पॅनेलवरून पडद्याची जागा, आणि या सगळ्याला धरून ठेवायला पेटी.

जॉयस्टिकवर थोडं रेंगाळू या, कारण अर्धं यश तिथेच आहे. दांडीच्या खालच्या टोकाभोवती चार बाजूंना चार मायक्रोस्विच असतात. दांडी उजवीकडे झुकली की तिचं खालचं टोक डावीकडे सरकतं आणि तिथला स्विच दाबतं. ‘टक्’ असा जो आवाज येतो तो त्याचाच. तिरकी झुकवली तर दोन स्विच एकदम दाबले जातात, आणि तिरकी दिशा मिळते ती अशी. स्विचांच्या खाली प्लास्टिकची एक चौकट असते, ती दांडीने कुठवर जायचं ते ठरवते. चौकटीचं भोक चौरस असेल तर दांडी कोपऱ्यांत जाऊन बसते आणि आठही दिशा मिळतात. तेच भोक ४५ अंश फिरवलं की कोपरे वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे येतात. तिरकं जायला वावच उरत नाही.

हा फरक पुस्तकी नाही. नाम्कोचा १९८० सालचा ‘पॅक-मॅन’ चार दिशांच्या दांडीसाठी बनलेला आहे. तो आठ दिशांच्या दांडीवर खेळून बघा. वळणावर हात जरासा तिरका गेला की दोन दिशा एकदम पोचतात, पॅक-मॅन वळायचं सोडून सरळ जातो आणि भूत त्याला गाठतं. खेळणारा स्वतःच्या हातांना दोष देतो. उलट, १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये खाली, तिरकं, पुढे अशी पाव वर्तुळाची फिरकी घेतल्याशिवाय आगीचा गोळा सुटतच नाही, तिथे चार दिशांची दांडी निरुपयोगी. त्याला बटणंही सहा लागतात, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. ‘मुस्तफा’ला मात्र हल्ला आणि उडी अशी दोनच पुरतात. ज्याला फक्त ‘मुस्तफा’ आणि त्याच्या जातकुळीचे मारधाडीचे खेळ हवेत, त्याने दर खेळाडूला आठ बटणांची भोकं पाडून पॅनेलची चाळण का करावी? सगळं काही खेळता येईल असं यंत्र बांधायचा मोह नवशिक्याला हटकून होतो, आणि त्यातून निघालेल्या पॅनेलवर कुठलाच खेळ नीट बसत नाही. काही जपानी जॉयस्टिकची चौकट फिरवता येते, तेवढी सोय मात्र जरूर घ्यावी.

आता पॅनेल. जपानी घडणीची बटणं ३० मिलिमीटरच्या भोकात बसतात, अमेरिकी घडणीची साधारण २८ च्या. बटणं हातात आल्याशिवाय होल-सॉ विकत घेऊ नये. दोन बटणांच्या मध्यांत ३५-३६ मिलिमीटर अंतर ठेवलं तर बोटं अवघडत नाहीत. प्लायच्या जाडीचा प्रश्न बऱ्याच जणांच्या फार उशिरा लक्षात येतो. सान्वासारख्या कंपन्यांच्या जॉयस्टिक पातळ पत्र्याखाली लावण्यासाठी बनवलेल्या असतात. १८ मिलिमीटरच्या प्लायखाली तशीच लावली तर दांडीची उंची प्लाय खाऊन टाकतो आणि वर जेमतेम तिच्या टोकाचा गोळा उरतो. खटक्याने बसणारी बटणंही एवढ्या जाडीत अडकत नाहीत. उपाय दोन. एक तर खालच्या बाजूने राउटरने खाच घेऊन जॉयस्टिकपुरती जाडी पाच-सहा मिलिमीटरवर आणायची आणि बटणं लांब मानेची, खालून नट आवळायची घ्यायची. नाहीतर पॅनेलचा वरचा भाग सरळ पत्र्याचा करायचा. मला पत्रा आवडतो. तो लेझरने कापून मिळतो, भोकं काटेकोर येतात आणि हाताला थंड, घट्ट लागतो. प्लायच वापरायचा असेल तर वरून मास्किंग टेप लावावी, खाली टाकाऊ फळी धरावी आणि मग भोक पाडावं, म्हणजे कडेचे पापुद्रे निघत नाहीत.

पॅनेल उलटं केलं की खरी कारागिरी दिसते. प्रत्येक बटणाचे दोन पाय वापरायचे. एका पायातून संकेताची तार निघून एन्कोडरकडे जाते. दुसरे सगळे पाय एकाच काळ्या तारेने साखळीसारखे जोडत जायचे, ही ग्राउंडची तार. एन्कोडर म्हणजे छोटा बोर्ड. कुठलं बटण दाबलं ते तो यूएसबीतून संगणकाला सांगतो. काही एन्कोडर संगणकाला गेमपॅड वाटतात, काही कीबोर्ड. पूर्वी हौशी लोक खरा कीबोर्ड फोडून त्याच्या बोर्डावर तारा सोल्डर करायचे, पण तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी गिळली जायची. दोघांच्या खेळात ते चालत नाही. तारा सोल्डर करायची आज गरजही नाही. टोकाला लग दाबून बसवायचा आणि बटणाच्या पायावर सरकवायचा. जपानी बटणांना २.८ मिलिमीटरचे लग लागतात, मायक्रोस्विचवाल्या अमेरिकी बटणांना बहुधा ४.८ चे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाताना एक बटण खिशात टाकून न्यावं. मापाचा वाद काउंटरवरच मिटतो.

पडद्याचं त्या मानाने सोपं. जुनी काचेची ट्यूब दिसायला अप्रतिम. त्या खेळांची चित्रं तिच्यासाठीच काढली होती. पण ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो, म्हणून नवशिक्याने तिचं मागचं झाकण उघडूच नये. कार्यालयांतून बाद होऊन आलेला १९ इंची, जवळपास चौकोनी एलसीडी मॉनिटर चांगला. त्याचे १२८० बाय १०२४ ठिपके उभे फिरवले की ‘पॅक-मॅन’चं २२४ बाय २८८ चं चित्र बरोबर चौपट होऊन मावतं, एकही ठिपका फाटत नाही. रुंद टीव्ही लावलात तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणार. ते येऊ द्यावेत. चित्र ताणून मुस्तफाला जाडा करणं हा त्या चित्रकारांवर अन्याय आहे.

पेटीचं काम सुतार करू शकतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. त्याच्याशी बोलताना गोलाई आणि कोन तोंडी सांगू नयेत. पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा साचा द्यावा. दोन्ही बाजू क्लॅम्पने एकत्र धरून एकदम कापाव्यात, म्हणजे जुळतात. आतून रीप ठोकून पडद्याची फळी स्क्रूवर ठेवावी, फेविकॉलने कायमची चिकटवू नये. मागे दार आणि वर हवेला जाळी हवी. परदेशात प्लायच्या कडेला खाच पाडून प्लास्टिकची पट्टी ठोकतात. आपल्याकडे सुताराची नेहमीची बिडिंग किंवा एज बँड चालतो. प्लायऐवजी घेता येणारा एमडीएफ गुळगुळीत असतो, पण पाणी लागलं की फुगतो आणि १८ मिलिमीटरचा एक अख्खा बोर्ड ४० किलोच्या आसपास भरतो. चाळीच्या जिन्यावरून किंवा सोसायटीच्या लिफ्टमधून न्यायचं असेल तर पॅनेलच्या खालचा आणि वरचा असे दोन भाग करून बोल्टने जोडावेत. घराच्या दाराचं मापही आधी घ्यावं.

खेळांच्या फाइलींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘मेम’ मुक्त आहे, खेळ नाहीत. बहुतेकांचे हक्क अजून कंपन्यांकडे आहेत. ‘रॉबी रोटो’सारखे मोजके खेळ हक्कधारकांनी फुकट वापरायला दिलेत, कॅपकॉमसारख्या कंपन्यांचे जुन्या खेळांचे अधिकृत संच विकत मिळतात आणि ते चालवू शकणारा संगणक पेटीत असेल तर या यंत्रावरही खेळता येतात.

एक बटण बरेच जण विसरतात, ते नाण्याचं. घरच्या यंत्रात नाणं नसलं तरी जुना खेळ ते मागतोच. ‘मेम’मध्ये मुळात ५ ची कळ म्हणजे नाणं आणि १ ची म्हणजे सुरुवात. ही दोन बटणं पॅनेलच्या पुढच्या उभ्या पट्टीवर ठेवावीत. वर ठेवली तर लढाईच्या भरात तळहात लागून ती भलत्याच वेळी दाबली जातात.

आणि हे सगळं आधी पुठ्ठ्यावर करून बघावं. जाड खोक्याच्या झाकणाला भोकं पाडून खरी जॉयस्टिक आणि खरी बटणं लावायची, खोकं टेबलावर चढवून जमिनीपासून ३६ ते ४० इंचांच्या दरम्यान कोपराला सोसेल अशी उंची शोधायची, समोर जुना मॉनिटर ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांना खेळू द्यायचं. मुलांची उंची वेगळी, मोठ्यांची वेगळी. थोड्याच दिवसांत एखादं बटण सरकवावंसं वाटतं, जॉयस्टिक जरा डावीकडे हवी असं कळतं. पुठ्ठ्याला नवं भोक पाडायला मिनिट लागतं. बटणांच्या जागा बदलणं थांबलं की त्या पुठ्ठ्यावरूनच पत्र्याचं माप घ्यायचं, आणि मग प्लायचा भाव विचारायला जायचं.