मावशी, साड्या आणि चाळणी

लग्नसराईत मावशीबरोबर साडीच्या दुकानात बसलो होतो. गादीवर चाळीसेक साड्या उलगडलेल्या. ‘पाच हजारांच्या वरच्या उचला.’ ढीग निम्मा झाला. ‘सिंथेटिक नको.’ आणखी दहा गेल्या. ‘काठ मोठाच हवा.’ उरल्या तीन.

निवड म्हणजे प्रत्येक पर्यायाच्या प्रत्येक गुणाची बेरीज-वजाबाकी, असा आपला समज असतो. मावशीने तसं काहीच केलं नाही. तिच्या पद्धतीचं गणिती प्रारूप एमॉस ट्वर्स्की यांनी १९७२ साली मांडलं: एक कसोटी घ्यायची, तिला न उतरणारं सगळं बाद करायचं, मग पुढची कसोटी. कुठली आधी येईल हे ठरलेलं नसतं. ज्या गुणाचं वजन जास्त, तो आधी येण्याची शक्यता जास्त. त्यामुळे मावशी कुठली साडी घेईल याचं भविष्य असं प्रारूप वर्तवत नाही. कुठलीची किती शक्यता, एवढंच सांगतं.

समजा, दुकानात एक पैठणी आणि एक इरकल, गिऱ्हाइकं निम्मी-निम्मी. शेजारी तशीच दुसरी पैठणी ठेवली, रंगात किंचित फरक. सरळ प्रमाणाच्या हिशेबाने तिघींना सारखा वाटा, म्हणजे इरकलीचंही गिऱ्हाईक घटायला हवं. पण इरकल हवी असलेली बाई इरकलच घेणार. दोन पैठण्या आपसांत वाटून घेणार. साध्या सूत्रात न बसणारी ही गोष्ट ट्वर्स्कींच्या चाळणीत सहज बसते.

बरं, अशी चाळणी लावणं म्हणजे डोक्याचा आळस का? गेर्ड गिगरेंझर आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, सॅन डिएगो मोठं की सॅन अँटोनियो? तेव्हा सॅन डिएगो मोठं होतं. अमेरिकेतल्या साधारण दोनतृतीयांश विद्यार्थ्यांचं उत्तर बरोबर आलं, जर्मनीतल्या सगळ्यांचं! कारण तिथे सॅन अँटोनियो फारसं कुणी ऐकलेलंच नव्हतं. ऐकलेलं तेच मोठं, असं धरून ते मोकळे झाले. अर्थात नाव केवळ जाहिरातीमुळे कानावर असेल, तर हीच युक्ती फसवते.

मावशीच्या चाळणीतही एक भोक होतं. पाच हजार दोनशेची, तिला हवी तशीच जांभळी पहिल्याच फटक्यात बाद झाली होती. दुकानदार मुरलेला. त्याने ती घडी घालून मांडीजवळ ठेवली होती. ‘काकू, घेऊ नका. नुसती बघा.’

आम्ही जांभळीच घेऊन आलो.