लंडी बेटाचे अभ्यासक

इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवर लंडी हे बेट आहे. लांबी जेमतेम पाच किलोमीटर. १९४६ साली एक्झिटर येथील प्राध्यापक लेस्ली हार्वे यांनी, बेटाचे तत्कालीन मालक मार्टिन कोल्स हारमन यांच्या सहकार्याने, 'लंडी फील्ड सोसायटी' स्थापन केली. पक्ष्यांच्या पायांत खुणेची कडी घालणे, वनस्पतींच्या नोंदी ठेवणे, जुन्या अवशेषांचा शोध घेणे हे काम तिचे सभासद स्वेच्छेने करीत आले आहेत.

अशा नोंदी कशासाठी, असा प्रश्न सहज पडतो. त्याचे उत्तर पफिन या समुद्रपक्ष्याच्या कहाणीत आहे. बेटाचे नावच मुळी प्राचीन नॉर्स भाषेत 'पफिनचे बेट' असे. १९३९ साली येथे सुमारे साडेतीन हजार जोड्या होत्या. शतक सरता सरता हा पक्षी येथून जवळजवळ नाहीसा झाला. जहाजांतून आलेले उंदीर बिळांतील अंडी व पिल्ले फस्त करीत. २००२ ते २००४ या काळात उंदरांचा नायनाट करण्यात आला. त्यास प्राणिप्रेमींचा विरोध झाला आणि तो अगदीच अनाठायी होता, असे म्हणवत नाही. कारण काळा उंदीरही ब्रिटनमध्ये दुर्मिळच होता. २०२३ च्या गणनेत मात्र १,३३५ पफिन आढळले.

आपणां ख्रिस्ती वाचकांस येथील बीकन टेकडीवरील दफनभूमीचे अधिक कुतूहल वाटेल. पाचव्या ते सातव्या शतकांतील चार कोरीव स्मृतिशिला तेथे उभ्या आहेत. त्यांवर वाचता येतात ती केवळ नावे, तीही झिजलेली.