कुतूहल : पंख्याची पाती आणि शटर

छताचा फिरता पंखा डोळ्यांना धूसर चक्रासारखा दिसत असताही छायाचित्रात त्याची पाती कधी थिजलेली आढळतात, कारण मिनिटाला ३०० फेरे घेणारा पंखा सेकंदाच्या १/१००० भागात दोन अंशही वळत नाही. १/३० भागात मात्र साठ अंश वळतो. स्वयंचलित यंत्रणेचा अखत्यार काढून घेऊन, कॅमेरा तिपाईवर व आयएसओ कायम ठेवून, शटर उघडे राहण्याच्या वेळेची ही दोन टोके पायरीपायरीने अवश्य गाठावीत. हा अभ्यास मला कोणत्याही कोष्टकाहून मोलाचा वाटतो. घागर मोठ्या धारेने लवकर, बारीक धारेने सावकाश, परंतु तेवढीच भरते, तद्वत प्रत्येक पायरीस वेळ दुप्पट करून भिंगाचे छिद्र एफ/२.८ पासून एफ/१६ पर्यंत आकुंचित केल्यास प्रकाश तेवढाच राहतो. पाती विरघळतात, आणि लहान छिद्रातून येणारे किरण कमी फाकत असल्यामुळे मागची भिंत अधिक रेखीव उमटते.