सोयाबीनच्या गाठी साखरेवर चालत नाहीत

पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या क्रेब्स चक्राच्या आकृतीत मॅलेट हे आम्ल दोन बाणांच्या मधे असते. त्यामुळे पेशीतले मधले रेणू म्हणजे अर्धवट माल, त्यांना स्वतःचे काम नाही, असा समज रुजतो. वाशिम जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक असलेल्या सोयाबीनच्या मुळावरची गाठ या समजाला छेद देते. पानांनी तयार केलेली साखर गाठीपर्यंत पोचते, हे खरे. पण गाठीतले रायझोबियम जिवाणू ती साखर खाऊन हवेतला नत्र स्थिर करतात, म्हणजे त्याचा अमोनिया बनवतात, हे खरे नाही. झाडाच्या पेशी साखरेचे विघटन मध्येच वळवून मॅलेट बनवतात आणि जिवाणूंना मुख्यतः तेच पुरवतात. कार्बन शेवटी कार्बनच, साखरेने काय अडते, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर 1981 साली क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकावरील प्रयोगातून मिळाले. मॅलेटसारखी आम्ले आत घेण्याची क्षमता गमावलेल्या जिवाणूंनी गाठी केल्या, पण त्या गाठींत नत्र स्थिर झाला नाही. उलट साखर वापरता न येणारे जिवाणू नत्र स्थिर करतातच. नत्राच्या एका रेणूमागे ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे किमान 16 रेणू खर्ची पडतात, आणि ती ऊर्जा या मधल्या रेणूतून येते.

गाठीतून बाहेर पडणाऱ्या नत्राबद्दलही असाच गैरसमज आहे. जिवाणूंनी बनवलेला अमोनिया तसाच पानांत जात नाही. सोयाबीन त्यापासून आधी प्युरिन हे नत्रयुक्त रेणू घडवते, मग ते मोडून अलँटोइन आणि अलँटोइक आम्ल वर पाठवते. घडवून पुन्हा मोडणे हा अपव्यय वाटेल. पण अलँटोइनमध्ये चार कार्बनमागे चार नत्र असतात, तर रब्बीतला हरभरा ज्या अ‍ॅस्पॅराजीनमधून नत्र वाहतो त्यात चार कार्बनमागे दोनच. म्हणजे सोयाबीनची वाहतूक कार्बनच्या हिशेबाने स्वस्त पडते. मात्र पावसाचा खंड पडला की हे रेणू पानांत साचतात, आणि गाठींचे काम मंदावण्याचे ते एक महत्त्वाचे कारण मानले जाते. तेव्हा ते मालवाहूच नव्हे, निरोप्याचेही काम करत असावेत. सोयाबीनमध्ये नत्र स्थिरीकरण प्रकाशसंश्लेषणाच्याही आधी ताणाला बळी पडते, ते यामुळे समजण्याजोगे होते. अशा वेळी युरिया टाकला की गाठींची उणीव भरून निघते, हा हिशेबही अपुरा आहे. जमिनीत नायट्रेट वाढले की नव्या गाठी कमी धरतात आणि असलेल्यांचे काम आणखी घटते.