चांगला हुकूमशहा मिळेल का?

शिफ्ट सुटली की बजाजनगरच्या चहाटपऱ्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "पाच वर्षं एखादा कडक माणूस बसवा, सगळं सुतासारखं सरळ होईल." बोलणाऱ्याच्या मनात पाप नसतं. पाणी, रस्ते, कंत्राटी नोकरी यांनी तो वैतागलेला असतो. म्हणूनच त्याच्या बोलण्यामागचे समज तपासून पाहिले पाहिजेत.

गैरसमज : आणीबाणीत शिस्त होती, कामगाराचं काही बिघडलं नाही.
गाड्या वेळेवर धावायच्या, हे घरोघरी सांगितलं जातं. दिवाळीच्या बोनसचं मात्र कुणी बोलत नाही. किमान बोनस 8.33 टक्के होता, म्हणजे वर्षाला एका महिन्याचा अख्खा पगार. सप्टेंबर 1975 मध्ये वटहुकूम निघाला आणि तो 4 टक्क्यांवर आला. महिना 500 रुपये मिळवणाऱ्याचा किमान हक्क 500 वरून 240 रुपयांवर घसरला. कामगार पुढारी 'मिसा' या विनाचौकशी अटकेच्या कायद्याखाली तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. दाद मागायची कुणाकडे? 1977 मध्ये मतदारांनी सरकार बदललं, तेव्हा कुठे 8.33 परत आले.

गैरसमज : संकटात एकहाती सत्ताच कामाची.
1972 चा दुष्काळ आपल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो : खडी फोडणं, पाझर तलावाची माती वाहणं, मिलोची भाकरी, पोरांना सुकडी. हाल झालेच. पण मोर्चे निघत होते, बातम्या छापून येत होत्या, विधानसभेत सरकारला जाब विचारला जात होता. मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. याउलट 1958 नंतरच्या चीनमध्ये वरिष्ठांच्या धाकाने अधिकाऱ्यांनी पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवले, त्या आकड्यांवर धान्य उचललं गेलं आणि कोट्यवधी माणसं भुकेने मेली. खरं सांगितल्याची शिक्षा होत असेल, तर राजा कितीही दयाळू असो, त्याला उपासमार कळणार कशी?

गैरसमज : शाहू महाराज, सयाजीराव होतेच की!
होते, आणि त्यांचं ऋण मोठं आहे. 1902 मध्ये शाहूंच्या कोल्हापुरात मागासवर्गीयांना सरकारी नोकऱ्यांत 50 टक्के जागा, 1906 मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण : निवडून न आलेल्या राजांनी हे केलं. पण त्याच काळात आपण निजामाच्या राज्यात होतो. निजामानेही उस्मानिया विद्यापीठ उभारलं. पण त्याच निजामाच्या राजवटीने 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढून टाकलं. कोल्हापूरच्या प्रजेला शाहू लाभले, आपल्याला नाही. आणि राजा बदलायचा हक्क दोन्हीकडे नव्हता.

ही अडचण औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ओळखली होती. स्वतः प्रजाहितदक्ष असूनही 1939 मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना लागू केली आणि आपली सत्ता ग्रामपंचायतींकडे व लोकप्रतिनिधींकडे सोपवली.